वैशाखातली सावली

एसटीच्या ड्रायव्हरची बायको, आणि तिला गाडी लागायची! घ्या आता. सूर्यभान घाटातून गाडी अशी उतरवायचा की मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या मांडीवरची अंड्यांची पाटीसुद्धा हलायची नाही. पण लग्नानंतर कडूबाईला माहेरी सोडायला स्वतःच्याच गाडीतून नेलं, तर घोडेगाव यायच्या आत तिनं नव्या लुगड्यावर सगळं ओकून ठेवलं. कंडक्टर हसला, पॅसेंजर हसले, सूर्यभान मान खाली घालून गिअर टाकत राहिला. त्यानंतर त्याची उभी नोकरी सरली, पण कडूबाई काही नवऱ्याच्या गाडीत चढली नाही. डिझेलचा वास नाकात गेला की तिचं संपलंच. माहेरी जायचं तर बैलगाडी, पुढं सायकल, त्याहीपुढं भाच्याची लूना, तीसुद्धा तोंडाला पदर बांधून.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण सूर्यभान रिटायर झाला आणि कडूबाईच्या किडन्या गेल्या. साखरेनं खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून दोनदा शिंगणापूरहून नगरला न्यायचं, मशीनला लावायचं, रक्त धुऊन आणायचं. मशीनचा तिला त्रास नव्हता. रस्त्याचा होता. हातात लिंबू, तोंडात ओवा, मांडीवर पिशवी, आणि इमामपूरच्या घाटात पोटातलं पाणीसुद्धा बाहेर. मशीनवर जायच्या आधीच बाई अर्धी व्हायची. येताना तर विचारायची सोय नाही. एकदा ती म्हणाली, "मला रोगानं मरू द्या की वो, गाडीनं कशापायी मारता?"

त्याच दिवसांत एका शनिवारी पुण्याचा एक भक्त दारात आला. दारात म्हणायचं आपलं, शिंगणापुरात घराला दार नसतं. चौकट नाही, कडी नाही, कुलूप तर नाहीच. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फळी आडवी लावायची, बास. बाकी राखायला शनिदेव बसलाय. तर त्या भक्ताची गाडी विजेवरची, हिरव्या पाटीची, आणि तिचं चार्जिंग संपत आलेलं. त्यानं विचारलं, घरातनं वायर लावू का? सूर्यभान म्हणाला, लावा की. दोनतीन तास गाडी अंगणात उभी राहिली. निघताना तो माणूस खिशात हात घालायला लागला, तेव्हा सूर्यभाननं त्याचा हात धरला.

"पैशे नको. आमच्या मंडळीला एक चक्कर मारून आना."

कडूबाई भीत भीत बसली. पिशवी मांडीवर घेऊनच. सोनईपर्यंत जाऊन गाडी परत आली, तरी पिशवी कोरडी. उतरली ती पोरीसारखी लाजत म्हणते, "ह्यात वासच न्हाई वो. आन् आवाज बी न्हाई. मला तर झोप लागत हुती."

सूर्यभानचं ठरलं ते तिथंच. रिटायर होताना आलेलं सगळं त्यानं एका लहानशा विजेच्या गाडीत घातलं. गावानं वेड्यात काढलं. अरे, जमीन घे, सोनं घे, लॉज बांध! पण आयुष्यभर सगळ्या मुलखाच्या बायका माहेरी सोडल्या, आपलीच राहिली, हे त्याच्या मनातलं शल्य गावाला काय ठाऊक.

आता गाडी घेतली, पण भरायची कशी? गावात लॉजच लॉज. सगळे एसी, सगळे गिझर एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. दिवसा वीज कधी असायची, कधी नसायची, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत व्होल्टेज असं पडायचं की चार्जरचा लाल दिवा लागून तो गप बसायचा. सोनईचा अमृत म्हणून एक पोरगा सोलरची कामं करायचा. तो म्हणाला, काका, गच्चीवर पॅनल टाका आणि खाली बॅटरी ठेवा. दिवसा तुम्ही नगरला असलात तरी ऊन बॅटरीत जमा होतंय, संध्याकाळी तेच गाडीत उतरवा. डीपी गेली चुलीत.

बॅटरी बसवताना अमृत म्हणाला, "काका, महागाची वस्तू हाय. बाहेरून कुलपाचं कपाट करू का?"

सूर्यभान असा खवळला! "कुठल्या गावात उभा हाईस रं तू? बँकेला कुलूप न्हाई आमच्यात, आन् तू माझ्या बॅटरीला लावतो?"

अमृतनं कान धरले. बॅटरी ओसरीत उघडी बसली, कडूबाईनं तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. गाडीला रोज सकाळी हळदकुंकू. आणि खरं सांगायचं तर त्या बाईची सुखाची वर्षं ती तेवढीच. नगरहून येताना पांढरीपूल मागं पडला की ती सीट मागं पाडून गाढ झोपायची. सूर्यभान खड्डे चुकवत, हळू, अगदी हळू गाडी आणायचा. कधी जागी असली तर खिडकीतून बोट दाखवून विचारायची, हे कोणतं गाव? आयुष्य त्या रस्त्याच्या कडेला गेलेलं, पण रस्ता तिनं डोळे उघडे ठेवून पाहिलाच नव्हता ना!

आता वाल्मिकचं सांगायला पाहिजे. वाल्मिक हा सूर्यभानचा धाकटा भाऊ. कडूबाई लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा पोरगा, आई नुकतीच गेलेली. कडूबाईला मूलबाळ झालं नाही. तिनं ह्यालाच मांडीवर घेतलं. ह्याच्या उवा काढल्या, ह्याला गोवर आला तेव्हा रात्री जागवल्या, ह्याच्या लग्नात वरमाईसारखी मिरवली. पुढं घरं वेगळी झाली तरी मधल्या भिंतीत एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली होती. त्या वाटेनं कडूबाई वाटीत कालवण घेऊन जायची आणि वाल्मिक "वैनी, काय केलं?" करत यायचा. त्याला दिवसातून दहा वेळा यायला कधी पुढच्या अंगणातून वळसा घालावा लागला नाही.

वाल्मिकचं तेलाफुलाचं दुकान जोरात चाललेलं. त्याला लॉज बांधायचा होता. तो राहत्या घरावरच, आणि हे घर सूर्यभानच्या घराच्या दक्षिणेला, अगदी लागून. तो वैशाखात एका दुपारी मधल्या वाटेनं आला, ताक प्याला आणि म्हणाला, "दादा, वर दोन मजले चढवायचेत. तुझ्या पॅनलला आडवं येत आसंल तर न्हाई चढवत. तू म्हनशील तसं."

सूर्यभानला भरून आलं. भाऊ असावा तर असा! म्हणाला, "चल, बघूनच घिऊ."

दोघं भर उन्हात वाल्मिकच्या स्लॅबवर गेले. दोन मजल्यांच्या उंचीचा कळक आणला, टोकाला फडकं बांधलं आणि उभा धरला. ऊन डोक्यावर. कळकाची सावली कुठं? कळकाच्या बुडाशी. पॅनलकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. दुपार कलली तरी ती आपली पूर्वेला वाल्मिकच्याच गोठ्यावर लोळत होती.

"कुठं येतीया आडवी?" सूर्यभान हसला. "बांध तू बिनघोर."

"वैनीला बी इचार."

कडूबाई खालून ओरडली, "मला काय इचारतो? तुझं घर वर गेलं तर मला वाईट वाटंल व्हय रं?"

कागद नाही, साक्षीदार नाही. सख्ख्या भावात काय लिहून घ्यायचं, आणि ज्या गावात दाराला कडी नाही तिथं शब्दाला कुठं असणार? पाऊस लागायच्या आत स्लॅब टाकून झाला, दिवाळीला लॉजचं उद्घाटन झालं. पहिली आरती कडूबाईच्या हातून केली. वर पाण्याच्या टाक्या, त्यांच्यावर लॉजच्या नावाचा फलक, सगळं झोकात.

आणि मग थंडी आली.

कार्तिक संपता संपता सूर्य दक्षिणेला सरकला आणि लॉजची सावली भिंतीवरून चढायला लागली. आधी पॅनलची एक ओळ गेली, मग दुसरी. मार्गशीर्षात तर सकाळपासून उन्हं कलेपर्यंत सगळी गच्ची अंधारात. संध्याकाळी सूर्यभान बॅटरी बघायचा तर ती जवळजवळ रिकामी. आधी त्याला वाटलं, पॅनलवर धूळ बसली. धुतली. मग वाटलं, बॅटरी बिघडली. ज्याला भावानं कळक धरून दाखवलाय, त्याच्या डोक्यात सावली येणार कशी?

त्यानं अमृतला बोलावलं. अमृत गच्चीवर गेला, वर लॉजच्या टाक्यांकडं बघितलं.

"काका, हे तर हुनारच हुतं. हिवाळ्यात सूर्य कलतो, सावली लांब जाती. पॅनल सगळे एका माळंत हायेत, एकावर सावली पडली तरी बाकीचे ढिले पडत्यात. तुमच्या तर सगळ्यांवरच पडलीया."

"आरं पन आमी बघितलं हुतं! कळक लावून!"

"कवा?"

"वैशाखात."

अमृतनं खाली बघितलं. पोरगा लबाड नव्हता, म्हणून त्याच्या तोंडून निघून गेलं. "वाल्मिकशेठनं मला होळीलाच इचारलं हुतं की. लॉज झाल्यावर वर गरम पान्याचं सोलर बसवायचं म्हनून जागा बघाया आल्तो, तवा. मी मोबाईलवर सगळं काढून दावलं त्यांना, हिवाळ्यात तुमची गच्ची पुरी झाकती म्हनून. ते म्हनले, आन् उन्हाळ्यात? मी म्हनलं, उन्हाळ्यात कायच न्हाई. तुमी भाऊ-भाऊ, मला वाटलं बोलनं झालं आसंल."

सूर्यभान गच्चीच्या कठड्यावर बसला. म्हणजे कळक धरून वाल्मिक उन्हात उभा होता तेव्हा त्याला ठाऊक होतं. "तू म्हनशील तसं" म्हणाला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर आला तो वैशाखात! शिंगणापुरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की इथं कुणी चोरी केली तर ती त्याला पचत नाही. पण हंडा चोरला, बैल चोरला तर देव बघणार. भावानं भावाचं ऊन नेलं तर त्याची फिर्याद कुठं करायची?

तो तडक मधल्या वाटेकडं निघाला होता. ओसरीत कडूबाई पडलेली होती, पाय सुजलेले. तिनं विचारलं, "काय म्हनला वो पोरगा?"

तिचं तोंड बघून त्याचा पाय अडला. वाल्मिक तिचं लेकरू. हे तिला सांगितलं तर किडनीचं राहिलं बाजूला, बाई तिथंच संपली असती. "वायर ढिली झालीय म्हनला," सूर्यभान म्हणाला आणि तो सगळा संताप त्यानं गिळला.

मग भावापुढं हात जोडायला गेला. आपल्याला सगळं कळलंय, हे बोलला नाही. नुसतं म्हणाला, "वाल्मिक, पॅनल तुझ्या गच्चीवर टाकू दे. तुझ्या वैनीची गाडी भरंना झालीय."

"दादा, गच्चीवर जागा कुठं हाय? गरम पान्याचं बसवायचंय, धुनं वाळवायचं. सीझन सरू दे, बघू."

"मग सकाळी तेवढे गिझर जरा उशिरा लाव. डीपीवरनं तरी गाडी भरंल."

"शनिवारी अमावस्या आलीय दादा! गिऱ्हाईकाला थंड पान्यानं आंघूळ घालू व्हय?" वाल्मिक हसला. "वैनीचं काय एवढं मनाला लावून घेतो? माझी जीप हाय ना. मी सोडतो की नगरला."

जीप डिझेलची, आणि डिझेल वैनीला सोसत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक. वैनीच्या पदराला ओकारीचा वास येतो म्हणून हाच चिडवायचा तिला.

नगरला दवाखान्यापाशी चार्जर नव्हता, म्हणून सूर्यभाननं हायवेवरच्या हॉटेलापाशी गाडी भरून बघितली. जाताना तिथं थांबलं तर मशीनची वेळ हुकायची, येताना थांबलं तर पुढं गाड्यांची रांग. डायलिसिस करून आलेली बाई सीटवर थंडीनं कुडकुडत पडायची आणि सूर्यभान पुढच्या गाडीवाल्यांना विनवण्या करत फिरायचा. उभ्या जन्मात ज्यानं गाडी वेळेवर सोडली, तो माणूस रांगेत लाचारासारखा उभा.

आणि एके दिवशी चार्जिंग घोडेगावापुरतंही राहिलं नाही. मशीनची वेळ तर झालेली. वाल्मिकनं जीप काढली. मोठ्या मायेनं वैनीला उचलून पुढं बसवलं, गुडघ्यावर शाल घातली. बघणाऱ्या बायका म्हणाल्या, दीर असावा तर असा. घोडेगावात कडूबाईला पहिली उलटी झाली. घाटात काय झालं ते सांगवत नाही. नगरला पोचली तेव्हा तिचं बीपी इतकं उतरलं होतं की अर्ध्यावरच मशीन बंद करावं लागलं.

घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता मला त्या जीपात घालू नका. आपली गाडी भरंल तवा जाऊ."

"भरंल, उद्या भरंल," सूर्यभान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर जाऊन पॅनलपाशी बसला. समोर वाल्मिकची भिंत, त्याच्या पायावर वाल्मिकची सावली. भिंतीपलीकडं गिऱ्हाइकं गरम पाण्यानं आंघोळ करत होती, बादल्यांचे आवाज येत होते. कुणाची बाहेरची गाडी सांगावी तर कडूबाई हात जोडायची. नको, आपलीच. मशीनची एक पाळी हुकली, मग दुसरी. अंगात पाणी भरलं, ते छातीत चढलं. शेवटी सूर्यभाननं न विचारताच गाडी मागवली, तर दम लागलेली बाई त्याला म्हणते कशी, "आपली भरली का?"

"भरली," तो म्हणाला.

ती इमामपूरच्या घाटात गेली. त्या दिवशी तिला गाडी लागली नाही, एवढंच.

तेराव्याला वाल्मिक धाय मोकलून रडला. गावात सगळ्यांना त्याचं कौतुक. माणसं पांगल्यावर तो डोळे पुसत सूर्यभानजवळ बसला आणि म्हणाला, "दादा, मी इचार केला. तुझं पॅनल माझ्या गच्चीवर टाक. तिथं ऊन लई हाय. तुला एकट्याला कितीशी लाइट लागती? उरंल ती लॉजला हुईल."

सूर्यभाननं त्याच्याकडं बघितलं.

"वाल्मिक, मला येक सांग. तू वैशाखात का आल्तास इचारायला?"

वाल्मिकचे डोळे चटकन कोरडे झाले. तो काहीतरी म्हणायला गेला, पावसाळ्याआधी स्लॅब टाकायचा होता वगैरे. मग त्याची नजर खाली गेली. उठून मधल्या वाटेनं निघून गेला.

आठ दिवसांनी सोनईचा सुतार टेम्पोत चौकट घेऊन आला. गावात बोंब झाली. शिंगणापुरात दार! चार जाणती माणसं धावत आली. "सूर्यभान, येडा झाला का? देवाचा कोप हुईल. कुनाची चोरी हुनार हाय तुझ्यात?"

"पुढनं घर उघडंच हाय," सूर्यभान म्हणाला. "चोर येऊ द्या, कुत्रं येऊ द्या, देवाला यायचं तर त्यो बी येऊ द्या. हे मधल्या वाटंला लावतोय."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि ती परत गेली. सागाची फळी, आतून कडी. वाल्मिकची बायको पलीकडून हे बघत होती, ती आत निघून गेली.

मग पुन्हा वैशाख आला. सूर्य डोक्यावर आला, सावली गुमान लॉजच्या बुडाशी जाऊन बसली आणि पॅनल असे तापायला लागले की दुपारच्या आत बॅटरी भरून वाहायची. गाडीही भरलेली. शंभर टक्के, पूर्ण. डायलिसिसचा वार आला की सूर्यभान सकाळी उठून ती पुसायचा, शेजारची सीट मागं पाडून ठेवायचा आणि मग ओसरीत बसून राहायचा. जायचं कुठंच नसायचं. इतकं ऊन, इतकी लाइट, आणि आता तिचं करायचं काय, हेच त्याला कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी मधल्या दारावर थाप पडली.

"दादा! आरं दादा, गिऱ्हाईक आलंय लॉजला. नाशिकचं. विजेची गाडी हाय त्याची, चार्जिंग संपलंय. गावात चार्जर तुझ्याकडंच. दार उघड की."

सूर्यभान उठला. दाराकडं नाही, पुढच्या अंगणात गेला. रस्त्यावर हिरव्या पाटीची गाडी उभी होती. आत तो नाशिकचा माणूस आणि शेजारी एक बाई, मांडीवर पिशवी. त्यानं हातानं खूण करून गाडी अंगणात घेतली, आपल्या गाडीची वायर काढून त्या गाडीला लावली, बाईला ओसरीत बसवलं आणि माठातलं पाणी दिलं. "बसा ताई," म्हणाला, "हितं पायजे तेवढी लाइट हाय."

बाईनं पाणी पिता पिता आतल्या बाजूला पाहिलं. "काका, मागं कुणीतरी हाक मारतंय तुम्हाला."

"मारू द्या," सूर्यभान म्हणाला.

दारावर पुन्हा थाप पडली. त्या आळीत ते शब्द आजवर कुणाच्या तोंडून निघाले नव्हते, निघायचं कारणच नव्हतं. वाल्मिक पलीकडून म्हणत राहिला, "दादा, दार उघड. दादा, दार उघड ना."